धुळीवर फवारा, धुराला मोकळीक

नोव्हेंबर २०२१. दिवाळी सरून दहा-अकरा दिवस झाले होते आणि दिल्लीची हवा इतकी बिघडली होती, की दोन दिवस टाळेबंदी लावता येईल का, असे सर्वोच्च न्यायालयानेच विचारले होते. १५ तारखेच्या सुनावणीत एक प्रश्न कळीचा ठरला. पंजाब-हरियाणात शेतात जाळल्या जाणाऱ्या भाताच्या पेंढ्याचा या प्रदूषणात वाटा किती? केंद्राच्या प्रतिज्ञापत्रात आकडे होते हिवाळ्यात ४ टक्के आणि उन्हाळ्यात ७ टक्के. तोंडी युक्तिवादात १० टक्क्यांची भाषा झाली. आणि आठवडाभरापूर्वीच, ७ नोव्हेंबरला, केंद्राच्याच पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या ‘सफर’ यंत्रणेने हा वाटा ४८ टक्के सांगितला होता. वृत्तवाहिन्यांवर एकच गदारोळ झाला. सरकार न्यायालयाची दिशाभूल करते आहे, असा आरोप झाला आणि पुढच्या सुनावणीत सॉलिसिटर जनरलना खुलासा करावा लागला.

गंमत अशी, की यातला कोणताच आकडा बनावट नव्हता. त्याहून गंमत म्हणजे वादातल्या दोन्ही टोकांच्या आकड्यांचा पत्ता पुण्याचा होता. ४ टक्के हा आकडा ऊर्जा संशोधन संस्था ‘टेरी’ आणि पुण्याची ‘एआरएआय’ यांनी मिळून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला. पुणेकर ज्या टेकडीवर सकाळी फिरायला जातात आणि जिला सरळ ‘एआरएआयची टेकडी’ म्हणतात, तिथली ही वाहन संशोधन संस्था. ४८ टक्के सांगणारी ‘सफर’ ही पाषाणच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे ‘आयआयटीएम’ने, उभारलेली यंत्रणा. टेकडीवरचा आकडा सबंध हिवाळ्याच्या सरासरीचा होता, पाषाणचा एका दिवसाचा. पेंढा जळतो तो ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत. त्या काळातला एखादा वाईट दिवस उचलला तर वाटा प्रचंड दिसतो आणि फेब्रुवारीपर्यंतचे सगळे दिवस त्यात मिसळले तर तो किरकोळ वाटतो.

हवेच्या प्रदूषणावरची आपली बहुतेक सार्वजनिक भांडणे याच जातीची असतात. टक्केवारी सांगितली जाते. पण ती कशाची, कोणत्या महिन्यातली, कोणत्या आकाराच्या कणांची आणि कोणत्या पद्धतीने काढलेली, हे सांगितले जात नाही. हा गोंधळ निव्वळ अज्ञानातून आला असता तर तो एव्हाना मिटला असता. तो टिकून आहे, कारण तो सोयीचा आहे. ज्या खात्याला जे काम करायचे असते, त्याला साजेसा आकडा या ढिगातून नेमका सापडतो.

प्रश्न आहे तो पीएम २.५चा. अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान, केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे कण. ते नाकात, घशात अडकत नाहीत. थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यांतले सर्वांत लहान कण रक्तातही उतरतात. भारताचे मानक वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस ५ वर आणली. एवढे बारीक कण प्रामुख्याने जळण्यातून येतात, नाहीतर वायूंपासून हवेतच तयार होतात. दळून, घासून, खोदून उडणारी धूळ बहुतांशी त्याहून जाड असते आणि ती पीएम १०च्या हिशेबात जास्त भरते. पुढचा सगळा घोळ समजून घ्यायला एवढा फरक ध्यानात ठेवला तरी पुरे.

स्रोत शोधायच्या पद्धती मुख्यतः दोन. पहिलीत शहरातल्या प्रत्येक स्रोताची मोजदाद होते. किती वाहने, किती किलोमीटर धावली, किती कोळसा, किती डिझेल, किती चुली, किती कचरा पेटला. प्रत्येकाला ठरावीक गुणकाने गुणायचे आणि बेरीज मांडायची. ही झाली उत्सर्जनाची यादी. दुसरी पद्धत उलट्या टोकाने सुरू होते. शहरात ठिकठिकाणी फिल्टर लावून कण गोळा करायचे, त्यांचे रसायन तपासायचे आणि ते कुठून आले असतील याचा माग काढायचा. पहिली पद्धत म्हणजे वाण्याच्या यादीवरून स्वयंपाकाचा अंदाज बांधणे, तर दुसरी म्हणजे ताटातली आमटी चाखून तिच्यात काय काय पडले आहे ते ओळखणे. यादीत लिहिलेले सगळे ताटात येतेच असे नाही, आणि ताटात असलेले सगळे यादीत असतेच असेही नाही.

दिल्लीसाठी आयआयटी कानपूरने केलेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने फार बोलका आहे. त्यात दोन्ही पद्धती वापरल्या होत्या. उत्सर्जनाच्या यादीत पीएम २.५चा सर्वांत मोठा धनी ठरली रस्त्यावरची धूळ, तब्बल ३८ टक्के. वाहने २० टक्के, घरगुती जळण १२, कारखाने ११. मग फिल्टरवरचे कण तपासले. हिवाळ्यात, म्हणजे दिल्लीकर जेव्हा खरोखर गुदमरतात तेव्हा, माती आणि रस्त्यावरची धूळ मिळून वाटा उरला चार टक्क्यांच्या आसपास. वर आले ते वायूंपासून हवेत तयार झालेले दुय्यम कण (३० टक्के), लाकूडफाटा-गोवऱ्या-पेंढा यांचा धूर (२६ टक्के), वाहने (२५ टक्के) आणि जळणारा कचरा (८ टक्के). उन्हाळ्यात चित्र पुन्हा पालटले. धूळ २७ टक्क्यांवर गेली, कोळसा आणि त्याची राख २६ टक्क्यांवर, आणि वाहनांचा वाटा ९ टक्क्यांवर उतरला.

एकच शहर, एकच अभ्यासगट, एकच अहवाल. धुळीचा वाटा ३८ टक्के म्हणणाराही बरोबर आणि ४ टक्के म्हणणाराही. रस्त्यावरून उडालेली बरीचशी धूळ थोड्या अंतरावर बसते. ती यादीत असते, पण दूरच्या फिल्टरवर नसते. धुळीचे उत्सर्जन काढायचे सूत्रही ढोबळ असते. उलट, दुय्यम कण यादीत येऊच शकत नाहीत, कारण ते कोणत्याच नळीतून बाहेर पडत नाहीत. शहराच्या हद्दीबाहेरून वाहत आलेले कणही यादीत नसतात. पण माणूस श्वास घेतो तो हवेतून, यादीतून नव्हे. जिथे दोहोंत इतके अंतर पडते, तिथे फिल्टरला जास्त मान द्यायला हवा.

आपल्या कारभाराने मान दिला तो यादीला. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्यात १३१ शहरे आली आणि त्यांतली सर्वाधिक, १९, महाराष्ट्रातली. कार्यक्रमाचे नाव हवेचे असले, तरी शहरांची कामगिरी मोजली जाते ती पीएम १०वर. मग पैसा कुठे गेला? ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने जुलै २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार खर्च झालेल्या निधीपैकी ६४ टक्के रस्त्यावरच्या धुळीसाठी गेला, म्हणजे रस्ते पक्के करणे, खड्डे बुजवणे, झाडणारी यंत्रे आणि पाण्याचे फवारे. लाकूडफाटा-कचरा जाळणे रोखण्यासाठी साडेचौदा टक्के, वाहनांसाठी साडेबारा टक्क्यांच्या थोडे वर. उद्योगांच्या प्रदूषणासाठी ०.६१ टक्का. म्हणजे शंभर रुपयांतले एकसष्ट पैसे.

परीक्षा पीएम १०ची ठेवली की अभ्यास धुळीचाच होणार, यात महापालिकांचे काही चुकले म्हणता येणार नाही. खड्डे त्यांना असेही बुजवायचेच होते. फवाऱ्याचा ट्रक वर्तमानपत्रातल्या फोटोत छान दिसतो, त्याची निविदा काढता येते आणि त्याने कुणी दुखावत नाही. कारखान्याच्या धुराड्याला हात घालायचा तर प्रदूषण नियंत्रण मंडळ, उद्योग खाते, न्यायालय असा लांबचा रस्ता असतो.

मुंबईतही हेच नाट्य घडले. पर्यावरण संशोधन संस्था ‘नीरी’ आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासातून धुळीचा वाटा सुमारे ७१ टक्के असल्याच्या बातम्या आल्या. हाही उत्सर्जनाच्या यादीचा आकडा. पण एकदा तो छापून आला आणि ‘मुंबईच्या प्रदूषणाला ७१ टक्के धूळ जबाबदार’ असे सोपे वाक्य तयार झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. सत्तर मीटरहून उंच इमारतींभोवती ३५ फूट उंचीचे पत्रे, राडारोडा झाकून नेणे, अँटी-स्मॉग गन, डंपरची चाके धुणे. महिनाअखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हाती घेतला.

ही नियमावली वाईट नव्हे. चेंबूर-वडाळ्यात, जिथे शेजारी इमारत पडते आणि पुन्हा उभी राहते, तयार काँक्रीटचे आरएमसी प्लांट अहोरात्र चालतात, तिथल्या लोकांना धुळीचा त्रास पुस्तकी नाही. खोकला, दमा, डोळ्यांची आग जाड कणांनीही होते. प्रश्न आहे तो धूळ आवरल्यावर पीएम २.५ किती उतरेल हा. दिल्लीच्या अनुभवावरून बोलायचे, तर जनतेला वाटते त्याहून बरेच कमी. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी मुंबईवर जो करडा थर बसलेला असतो, त्यात सिमेंटचा हात किती आणि धुराचा किती, हे पत्र्यांची उंची मोजून कळणार नाही.

ते कळते फिल्टरवरून, आणि फिल्टर वाचण्याची कला विलक्षण आहे. साधारणपणे दोन फिल्टर लागतात, एक टेफ्लॉनचा आणि एक क्वार्ट्झचा. चोवीस तास त्यांतून हवा ओढली जाते. आधी-नंतर वजन करायचे तर ठरावीक तापमानाला, ठरावीक आर्द्रतेत, मायक्रोग्रॅम तोलणाऱ्या काट्यावर. टेफ्लॉनवर क्ष-किरण सोडले की मूलद्रव्ये आपली ओळख देतात. क्वार्ट्झचा तुकडा टप्प्याटप्प्याने तापवला की सेंद्रिय कार्बन आधी उडतो आणि निव्वळ काजळी प्राणवायू दिल्यावर शेवटी जळते. दोन्हींचे मोजमाप वेगळे मिळते. आणखी एक तुकडा पाण्यात भिजवून सल्फेट, नायट्रेट, अमोनियम, क्लोराइड मोजायचे.

मग ठसे जुळवायला सुरुवात होते. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम दिसले की माती. कॅल्शियम जास्त असेल तर सिमेंटचा, बांधकामाचा संशय. सोडियम आणि क्लोराइड जोडीने आले तर मुंबईसारख्या शहरात समुद्राचे मीठ. तांबे, अँटिमनी आणि बेरियम गाड्यांच्या ब्रेकमधून झिजून येतात, तर जस्त टायरमधून. इंजिन ऑइलच्या धुरात होपेन नावाची संयुगे असतात. लाकूड, पेंढा, गोवरी असे सेल्युलोज असलेले काहीही जळले की लेव्होग्लुकोसान हे साखरेच्या कुळातले संयुग तयार होते. दगडी कोळशाच्या किंवा डिझेलच्या धुरात ते सापडत नाही. व्हॅनेडियम आणि निकेल म्हणजे जहाजे किंवा फर्नेस ऑइल जाळणाऱ्या भट्ट्या. निदान २०१९ पर्यंत तरी तसे होते. २०२० पासून जगभर जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली, इंधन बदलले आणि त्याबरोबर व्हॅनेडियमचा ठसाही पुसट झाला. बंदराच्या शहरांत काम करणाऱ्यांना आता जहाजाचा धूर ओळखायला दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात.

म्हणजे ठशांची वही एकदा करून भागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिल्ली, मुंबई, पुणे, कानपूर, चेन्नई आणि बेंगळुरू या सहा शहरांचा मोठा अभ्यास केला, त्याचा अहवाल २०११चा. मुंबईचे काम नीरीकडे होते, पुण्याचे एआरएआयकडे. वाहनांच्या धुराचे ठसे एआरएआयने तयार केले आणि बाकीच्या स्रोतांचे आयआयटी मुंबईने. आयते परदेशी ठसे न घेता आपल्या इंजिनांचे, आपल्या जळणाचे ठसे घ्यायचे ठरवले, हे त्या कामाचे मोठेपण. पण एप्रिल २०२० पासून वाहनांसाठी बीएस-६ हे मानक लागू झाले, डिझेलमधले गंधक दहा लाखांत दहा भागांवर आले, नव्या डिझेल गाड्यांना काजळी गाळणारे फिल्टर बसले. तेव्हाच्या गाडीचा धूर आणि आजच्या गाडीचा धूर यांचे रसायन एक राहिलेले नाही.

या कलेला मर्यादाही आहेत आणि त्या तज्ज्ञांनी बातमीदारांना स्पष्ट सांगायला हव्यात. लेव्होग्लुकोसान दिसले म्हणून तो पंजाबातला पेंढा, गल्लीतल्या बेकरीची भट्टी, पहारेकऱ्याची शेकोटी की झोपडीतली चूल, हे एकट्या फिल्टरवरून ठरत नाही. रस्त्याची धूळ, खाणीची माती आणि औष्णिक केंद्राची राख यांचे ठसेही एकमेकांत मिसळतात. ‘वाहने २५ टक्के’ म्हणताना त्याला अधिक-उणे काहीतरी जोडलेले असते. अहवालात ते असते, मथळ्यात येईपर्यंत गळून पडते. शिवाय टक्क्यांची बेरीज नेहमी शंभरच भरते. उद्या वाहनांचा धूर निम्मा झाला तर इतर कशाचेही प्रमाण न वाढता बाकी सगळ्यांचे टक्के वाढतील, आणि मग कोणीतरी म्हणेलच की बघा, चुलींचे प्रदूषण वाढले. म्हणून टक्क्यांसोबत घनमीटरमागे किती मायक्रोग्रॅम, हे सांगितल्याशिवाय एकही आकडा छापू नये.

आणि वजन सारखे म्हणून घात सारखा, असेही नाही. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये निश्चित कर्करोगकारक ठरवले. अंगणातल्या मातीला तो शिक्का कोणी मारलेला नाही. धूर नाकाजवळ निघतो की अडीचशे मीटर उंच धुराड्यातून, यावरही बरेच अवलंबून असते. आयआयटी मुंबईच्या चंद्रा वेंकटरामन यांच्या गटाचा सहभाग असलेला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक राष्ट्रीय अभ्यास सांगतो, की देशभराचा विचार करता पीएम २.५मध्ये सर्वांत मोठा वाटा घरांत जळणाऱ्या लाकूडफाटा-गोवऱ्यांचा होता, २०१५ मध्ये जवळपास एक-चतुर्थांश. या धुराला ना धुराडे असते, ना नोटीस पाठवायचा पत्ता.

सगळ्यांत अवघड आरोपी म्हणजे दुय्यम कण. कोळशातले गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, वाऱ्याबरोबर जाता जाता त्याचे सल्फेट बनते. वाहने, कारखाने यांच्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड शेतातल्या युरियाच्या आणि गोठ्यांतल्या अमोनियाला भेटतात आणि थंडीत अमोनियम नायट्रेटचे कण होतात. फिल्टरवर सल्फेट सापडते, पण त्यावर कोणत्याही धुराड्याचे नाव नसते. त्यासाठी वाऱ्याची, रसायनाची गणिते करावी लागतात. आणि जिथे नाव लावता येत नाही, तिथे जबाबदारी टाळणे सोपे असते.

औष्णिक वीज केंद्रांची गोष्ट पाहा. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने त्यांच्यासाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. धुरातले गंधक काढून घेणारी यंत्रणा, एफजीडी, त्यासाठी बसवायची होती. मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या सुमारे ७८ टक्के संचांना या अटीतून सूटच मिळाली. युक्तिवाद असा, की भारतीय कोळशात गंधक कमी आहे आणि केंद्रांच्या आसपास सल्फर डायऑक्साइडची पातळी मानकाच्या आतच आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण प्रश्न दुसराच होता. हा वायू केंद्राजवळ मर्यादेत असला तरी त्याचे सल्फेट शेकडो किलोमीटरवर मोजले जाते, तेही पीएम २.५ म्हणून. चंद्रपूरला महानिर्मितीचे सर्वांत मोठे, २,९२० मेगावॉटचे केंद्र आहे, सभोवती कोळशाच्या खाणी. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांबाबत प्रकरणागणिक निर्णय होणार आहे. त्या निर्णयाच्या टिपणीत चंद्रपूरच्या हवेतले सल्फेट असेल की नुसता सल्फर डायऑक्साइड, यावर निकाल बराचसा ठरेल.

चुकीच्या धुराड्याकडे बोट दाखवण्याचा इतिहास जुना आहे. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर डोळे झोंबवणारे धुके उतरले, तेव्हा लोकांनी गावातल्या ब्यूटाडीनच्या कारखान्याला दोषी धरले. कारखाना बंद करायला लावला. धुके राहिलेच. त्याचे कोडे सोडवले अननसाच्या वासावर संशोधन करणाऱ्या आरी हागेन-स्मित या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणाऱ्या वायूंवर ऊन पडले की हे धुके हवेतच तयार होते, असे त्याने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले. तेल कंपन्यांच्या पैशावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी ते खोडून काढायचा प्रयत्न केला. हागेन-स्मित मागे हटला नाही, ही कॅलिफोर्नियाची पुण्याई.

आपल्याकडे सध्या बोट रोखले आहे ते पावाच्या भट्टीवर. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूर सहा महिन्यांत गॅसवर किंवा इतर स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितले. त्याआधी ‘बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप’च्या पाहणीत जवळपास निम्म्या बेकऱ्या लाकडावर चालत असल्याचे आढळले होते. हे लाकूड बहुतेकदा भंगारातले असते. मोडलेली कपाटे, प्लायवूडचे तुकडे, रंग लावलेल्या फळ्या. ओंडक्यांपेक्षा स्वस्त, आणि धुरात रंगातले नि गोंदातले काय काय येते ते वेगळेच. बेकऱ्या दाट वस्तीत असतात, धूर शेजारच्या खिडकीच्या उंचीवर निघतो. त्यामुळे शहराच्या एकूण टनांत त्यांचा वाटा लहान असला तरी त्या गल्लीतल्या लोकांच्या छातीत तो मोठा असतो. आदेश योग्यच होता. पण वडापावचा पाव भाजणाऱ्याला सहा महिने आणि औष्णिक केंद्राला दहा वर्षे देऊन शेवटी सूट, हे प्रमाण कोणत्या फिल्टरवरून काढले, हे विचारायलाच हवे. निदान भट्टी बदलायला कर्ज, पाइपलाइनचा गॅस आणि पहिल्या काही महिन्यांचा फरक भरून काढण्याची सोय शहराने करायला हवी होती.

स्रोत शोधण्याच्या कामाचे दुर्दैव असे, की त्याचे उत्तर कुणाला ना कुणाला अडचणीचे असते. दिल्लीने जानेवारी २०२३ मध्ये राउज ॲव्हेन्यूवरच्या एका शाळेत तासातासाला स्रोत सांगणारे केंद्र सुरू केले. आयआयटी कानपूर, आयआयटी दिल्ली, टेरी आणि मोहालीची आयसर त्यात होत्या. ऐन हिवाळ्याच्या तोंडावर, ऑक्टोबरमध्ये, सरकार आणि त्याच्याच प्रदूषण नियंत्रण समितीचे अधिकारी यांच्यात पैशावरून आणि आकड्यांच्या विश्वासार्हतेवरून जुंपली आणि काम थांबले. सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. पाषाणच्या आयआयटीएमनेही दिल्लीसाठी कोणत्या जिल्ह्यातून किती प्रदूषण आले ते रोज सांगणारी प्रणाली बनवली आहे. नोव्हेंबर २०२४ अखेरीस तिच्या अचूकतेवर शंका घेतली गेली आणि काही काळ आकडे येणेच थांबले. शंकेत तथ्य होते, कारण प्रणालीच्या पोटातली उत्सर्जनाची यादी २०२१ची होती. यावर उपाय यादी ताजी करणे हा आहे. आकडे झाकल्याने यादी ताजी होत नाही.

दिल्लीची हिवाळ्यातली सुमारे एक-तृतीयांशच पीएम २.५ दिल्लीच्या हद्दीत जन्मते, असे टेरी-एआरएआयच्या अभ्यासात दिसले. पण दिल्ली आणि भोवतालच्या प्रदेशासाठी निदान एक स्वतंत्र आयोग आहे. मुंबई महानगर प्रदेशात इतक्या महापालिका आहेत, की ठाण्याचा कचरा, तळोज्याची औद्योगिक वसाहत, उरणची बंदरे आणि भिवंडीची गोदामे यांचा एकत्र हिशेब ठेवणारे कोणीच नाही. खारे वारे, मतलई वारे रोज ही हवा समुद्रावर नेतात आणि परत आणतात. जानेवारी २०१६ मध्ये देवनारची कचराभूमी पेटली तेव्हा धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आणि त्याने कोणत्या वॉर्डात जायचे ते कुणाला विचारले नाही.

कामे थांबवून अभ्यासाची वाट पाहायची, असा याचा अर्थ नव्हे. स्रोत नेमका माहीत असेल आणि मोजता येत असेल, तर फळ लवकर मिळते हे सुरतने दाखवले. तीनशेहून अधिक कारखान्यांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसल्यावर २०१९ मध्ये तिथे कणांच्या उत्सर्जनाचा बाजार सुरू झाला. ठरलेल्या मर्यादेहून कमी सोडणारा आपला उरलेला हक्क विकू शकतो. तुलनेसाठी निवडलेल्या कारखान्यांपेक्षा बाजारात सामील झालेल्या कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी कमी राहिले. महाराष्ट्राच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्येच कारखान्यांना त्यांच्या धुरावरून तारे देणारी योजना आणली होती. पाया घातला गेला होता. त्यावर सुरतसारखी इमारत उभी करायला काही हरकत नव्हती.

स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या आपल्या १९ शहरांची नावे वाचली तरी स्रोत वेगवेगळे असणार हे उघड आहे. जालना लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांचे गाव, कोल्हापूर फाउंड्र्यांचे, गुऱ्हाळांचे आणि भोवतालच्या उसाचे, चंद्रपूर कोळशाचे, मुंबई बंदर आणि बांधकामांची. त्यांचे आराखडे मात्र वाचताना एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात. कार्यक्रमाच्या पुढच्या टप्प्यात कामगिरी पीएम २.५वर मोजावी, प्रत्येक शहराने दर तीन वर्षांनी फिल्टरवर आधारित अभ्यास करावा आणि त्याची कच्ची माहिती, अधिक-उण्यासकट, मंडळाच्या संकेतस्थळावर टाकावी. खर्चाच्या प्रत्येक प्रस्तावापुढे तो कोणत्या स्रोतासाठी, कोणत्या महिन्यांसाठी, हे लिहिणे सक्तीचे करावे. जालन्यात भट्ट्यांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसवून आकडे गावाला दाखवायला कुठल्या अहवालाची गरज नाही. कोल्हापुरात ऊसतोड सुरू व्हायच्या आत पाचट कुट्टी करणारी यंत्रे भाड्याने मिळण्याची सोय साखर कारखान्यांमार्फत करता येईल, म्हणजे फड पेटवायची वेळ शेतकऱ्यावर येणार नाही. त्यासाठी लागणारे पैसे सध्या फवाऱ्यांच्या ट्रकांत फिरत आहेत.